आजारी मुका जीव आणि आपली प्रकृती

घरातला कुत्रा किंवा मांजर गंभीर आजारी पडले, की सेवा करणाऱ्याची झोप उडते आणि स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळ्याही राहून जातात. म्हणून रात्रीच्या पाळ्या घरात वाटून घ्या.

आपल्या औषधांतली गोळी त्याला देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. वेदनेने ते चावले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवा व लगेच डॉक्टरांना दाखवा. घरचे जनावर म्हणून टाळू नका.

पुण्यात औंधला सरकारी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आहे. तेथे स्पष्ट विचारा: हे दुखणे थांबेल का? उपाय उरला नसेल, तर वेदनारहित मरण देणे म्हणजे विश्वासघात नव्हे. त्यानंतर झोप-भूक परतली नाही, तर तेही डॉक्टरांना सांगावे.