इंग्रजी बोलण्यातील नित्याच्या चुका व त्यांचे मूळ

परकी भाषा बोलताना चुका होणे स्वाभाविक आहे. परंतु त्या चुका येतात कोठून, ह्याचा विचार फारच थोडे लोक करतात. वहीत तांबड्या शाईची रेघ ओढली जाते, विद्यार्थी शुद्ध वाक्य तीनदा लिहून काढतो, आणि दुसरे दिवशी तीच चूक पुन्हा त्याच्या तोंडून बाहेर पडते. रोगाचे निदान न करिता वरवर मलम लावावे, तसाच हा प्रकार होय. प्रस्तुत लेखात ह्या चुकांचे मूळ शोधण्याचा आम्ही यथामति प्रयत्न करणार आहो.

आमच्या मालाडचीच गोष्ट घ्या. मढ-मार्व्याच्या कोळीवाड्यांत एका वळणाची मराठी बोलतात, ओर्लेमकडील ईस्ट इंडियन घरांत दुसऱ्या वळणाची. बाजारात गुजराती व हिंदी कानी पडते आणि शाळेत व कचेरीत इंग्रजीचे काम पडते. अशा गावी वाढणारे मूल इंग्रजी बोलू लागले म्हणजे शब्द इंग्रजी असतात, पण वाक्याचा साचा घरच्या भाषेचा असतो. आमच्या मते मराठी मुलाच्या बहुतेक चुका आळसाने किंवा मंदबुद्धीने होत नाहीत. तो मराठीचे नियम पाळतो आणि तेच इंग्रजीस लावतो, म्हणून त्या होतात. ही गोष्ट एकदा ध्यानात आली म्हणजे चूक सुधारण्याची वाटही सापडते. आता एकेक उदाहरण घेऊन हे पाहू.

प्रथम काळाचा विचार करू. मराठीत ‘मी कालच आलो आहे’ हे वाक्य निर्दोष आहे. त्याचेच शब्दशः रूप ‘आय हॅव कम यस्टरडे’ असे होते, आणि ते मात्र इंग्रजीत चालत नाही. इंग्रजीत ‘हॅव’ लावून होणारा हा काळ वर्तमानाशी नाते सांगतो. ‘काल’, ‘गेल्या वर्षी’, ‘दोन दिवसांपूर्वी’ असा संपलेल्या वेळेचा शब्द वाक्यात आला की तो काळ सोडून साधा भूतकाळ घ्यावा लागतो. म्हणून ‘आय केम यस्टरडे’ हे शुद्ध. वेळ सांगावयाची नसेल तर ‘आय हॅव कम’ म्हणण्यास हरकत नाही.

ह्याच जातीची दुसरी चूक ‘पासून’ ह्या शब्दामुळे होते. आपण ‘सोमवारपासून’ म्हणतो व ‘पाच वर्षांपासून’ असेही म्हणतो. दोहोंस एकच शब्द पुरतो. इंग्रजीत येथे दोन शब्द आहेत. आरंभाचा क्षण सांगावयाचा तर ‘सिन्स’ आणि मुदत सांगावयाची तर ‘फॉर’. म्हणून ‘आय ॲम लिव्हिंग इन मालाड सिन्स फाइव्ह इयर्स’ ह्या वाक्यात चुका दोन आहेत. ‘आय हॅव बीन लिव्हिंग इन मालाड फॉर फाइव्ह इयर्स’ हे शुद्ध रूप. आरंभ अमुक साली झाला असे सांगावयाचे असल्यास ‘सिन्स’ वापरून पुढे ते साल घालावे.

तिसरी गोष्ट ‘असणे’ व ‘जवळ असणे’ ह्यांची. मराठीत ‘हॅव’ ह्या अर्थाचे स्वतंत्र क्रियापद नाही. ‘मला दोन भाऊ आहेत’ ह्या वाक्यात कर्ता ‘भाऊ’ आहे, ‘मी’ नव्हे. इंग्रजीत ‘मी’ला कर्त्याच्या जागी बसवावे लागते, आणि त्या गडबडीत ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ असे वाक्य जन्मास येते. ज्या क्रियापदांनी कृती न दिसता केवळ स्थिती दिसते, उदाहरणार्थ बाळगणे, जाणणे, समजणे, आवडणे, त्यांस इंग्रजीत सहसा ‘इंग’चे शेपूट लावीत नाहीत. म्हणून ‘आय हॅव टू ब्रदर्स’ आणि ‘आय डोन्ट अंडरस्टँड’ असेच म्हणावे. ‘आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग’ म्हणू नये. ‘वी आर हॅविंग लंच’ हे मात्र शुद्ध आहे, कारण तेथे ‘हॅव’चा अर्थ जेवणे असा आहे आणि जेवणे ही कृती आहे.

चौथा विषय उपपदांचा. ‘अ’, ‘ॲन’ आणि ‘द’ ह्यांच्या जोडीचे मराठीत काहीच नाही. आपला ‘एक’ हा संख्येचा शब्द आहे. ‘तो शिक्षक आहे’ ह्यात आपणांस काही उणे वाटत नाही, म्हणून ‘ही इज टीचर’ ह्यातही उणे वाटत नाही. तेथे ‘ही इज अ टीचर’ असे हवे. परंतु ‘अ’ की ‘ॲन’ हे ठरविण्याच्या कामी देवनागरी लिपी आपणांस मोठे साहाय्य करिते. हा नियम स्पेलिंगमधील पहिल्या अक्षरावर नसून उच्चारावर अवलंबून आहे. शब्द देवनागरीत लिहून पाहावा. आरंभी स्वर आला तर ‘ॲन’, व्यंजन आले तर ‘अ’. तास ह्या अर्थाच्या शब्दाचे स्पेलिंग ‘एच’ने सुरू होते, पण उच्चार ‘अवर’, म्हणून ‘ॲन अवर’. ‘युनिव्हर्सिटी’चे स्पेलिंग ‘यू’ने सुरू होते, पण देवनागरीत पहिले अक्षर ‘य’ आहे, म्हणून ‘अ युनिव्हर्सिटी’. तसेच ‘ॲन ऑनेस्ट मॅन’, ‘अ युरोपियन’, ‘अ वन-रुपी कॉइन’ आणि ‘ॲन एम. एल. ए.’. घरच्या विद्येचा परक्या विद्येस कसा उपयोग होतो, ह्याचे ह्याहून सुंदर उदाहरण आम्हांस दुसरे आठवत नाही.

पाचवा विषय विभक्तीचा. आपला ‘ला’ हा प्रत्यय फार कामसू आहे. ‘मी त्याला सांगितले’, ‘मी त्याला विचारले’, ‘मी त्याला भेटलो’, सर्वत्र तोच. मुले ‘ला’ म्हणजे ‘टु’ असे समीकरण मनाशी बांधतात व ‘आय टोल्ड टु हिम’, ‘आय आस्क्ड टु हिम’ असे म्हणतात. ‘टेल’ आणि ‘आस्क’ ह्यांस असा ‘टु’ लागत नाही; ‘से’ ह्यास लागतो. उलट ‘मला समजावून सांगा’ ह्याचे ‘एक्सप्लेन मी’ करतात, तेथे ‘टु’ हवा असतो: ‘एक्सप्लेन इट टु मी’. ‘वर’ ह्या शब्दाचीही अशीच कथा आहे. आपण माणसावर रागावतो व माणसावर हसतो, म्हणून ‘अँग्री ऑन मी’ व ‘लाफ्ड ऑन मी’ अशी रूपे तोंडात येतात. इंग्रजीत रागास ‘विथ’ व हसण्यास ‘ॲट’ लागतो. ‘च्याशी’ लग्न होते म्हणून ‘मॅरिड विथ’ म्हणतात, तेथे ‘मॅरिड टु’ पाहिजे. ‘विषयी’ चर्चा करतात म्हणून ‘डिस्कस अबाउट’ म्हणतात, तेथे नुसते ‘डिस्कस’ पुरे. अशा जोड्या तर्काने सुटत नाहीत; त्या क्रियापदाबरोबरच पाठ कराव्या.

सहावा विषय प्रश्नांचा. ‘तू काय करतो आहेस?’ ह्या प्रश्नात मराठी शब्दांचा क्रम विधानाप्रमाणेच राहतो. म्हणून ‘व्हॉट यू आर डूइंग?’ असे विचारले जाते. इंग्रजीत साहाय्यक क्रियापद कर्त्यापुढे न्यावे लागते: ‘व्हॉट आर यू डूइंग?’ मात्र तोच प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला की क्रम पुन्हा सरळ होतो: ‘आय डोन्ट नो व्हॉट यू आर डूइंग.’ तसेच ‘डिड’ आला म्हणजे भूतकाळाचे ओझे त्याने उचललेले असते. मागून ‘वेंट’ घालून ते दोनदा लादू नये. ‘डिड यू गो?’ एवढेच पुरे.

आता ज्या चुकीने केवळ हसे न होता प्रत्यक्ष हानी होण्याचा संभव आहे, ती सांगतो. ‘औषध घेतले नाहीस का?’ असे कोणी विचारले असता आपण पुष्कळदा ‘हो, नाही घेतले’ असे उत्तर देतो. आपला ‘हो’ विचारणाऱ्याच्या म्हणण्यास मान डोलावतो. इंग्रजीचा ‘यस’ प्रश्न कसा केला ह्याकडे पाहत नाही, तो वस्तुस्थितीकडे पाहतो. औषध घेतले असेल तर ‘यस’, घेतले नसेल तर ‘नो’. समजा, परप्रांतीय डॉक्टरांनी ‘डिडन्ट यू टेक द मेडिसिन?’ असे विचारले आणि औषध न घेतलेल्या रोग्याने मराठी सवयीने ‘यस, डॉक्टर’ म्हटले, तर डॉक्टर औषध पोटात गेले असे समजून पुढील उपचार ठरवितील. म्हणून अशा प्रश्नास एका शब्दाने उत्तर देऊ नये. ‘नो, आय डिडन्ट’ असे पुरते वाक्य बोलावे. ही सावधगिरी पालकांनीही बाळगण्यासारखी आहे.

काही चुका थोडक्यात सांगून पुढे जाऊ. ‘त्यानेच’ ह्यातील ‘च’साठी ‘ही ओन्ली टोल्ड मी’ म्हणतात. तेथे ‘ही हिमसेल्फ टोल्ड मी’ शोभते. आपले केस अनेकवचनी, पण इंग्रजीत डोक्यावरील समग्र केसांस ‘हेअर’ असे एकवचनच लागते. ‘फर्निचर’ व ‘ॲडव्हाइस’ ह्यांस अनेकवचन नाही. वाक्याच्या शेवटी आपला ‘ना’ सर्वत्र चालतो, इंग्रजीत मात्र तो क्रियापदाप्रमाणे रूप बदलतो: ‘यू आर कमिंग, आरन्ट यू?’, ‘ही नोज, डझन्ट ही?’

येथे न्यायबुद्धीने एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्याकडील प्रत्येक वेगळा प्रयोग म्हणजे चूक नव्हे. सभा ठरलेल्या वेळेआधी घेणे ह्या अर्थाचा ‘प्रीपोन’ हा शब्द भारतात रूढ झाला आणि ऑक्सफर्डच्या कोशांनीही त्यास जागा दिली. ‘कझिन ब्रदर’ म्हटल्यास इंग्रज नाक मुरडील; परंतु चुलतभाऊ, मामेभाऊ, आतेभाऊ व मावसभाऊ ह्या चौघांस आणि त्यांच्या बहिणींसही तो एकाच ‘कझिन’ शब्दाने ओळखतो, ही उणीव आपली नव्हे. नियम जाणून मोडणे निराळे आणि नियम न जाणता चुकणे निराळे.

आजवर ज्यांनी परकी भाषा खरोखर आपलीशी केली, त्यांनी भाषांच्या रचनेचा असाच कसून अभ्यास केला. थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडात जन्मलेले जेझुइट पाद्री १५७९ साली गोव्यास आले. त्यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले आणि त्यांनी रचलेले कोकणीचे व्याकरण त्यांच्या पश्चात १६४० साली प्रसिद्ध झाले. विल्यम कॅरी ह्यांनी १८०५ साली मराठीचे व्याकरण छापले, मोल्सवर्थ ह्यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, आणि १८३६ साली दादोबा पांडुरंग ह्यांनी आपल्या मातृभाषेचे व्याकरण सिद्ध केले, तेव्हा ते अवघ्या बावीस वर्षांच्या सुमाराचे होते. नदी स्त्रीलिंगी, डोंगर पुल्लिंगी आणि झाड नपुंसकलिंगी का, हे कोडे इंग्रजास पडते. ‘अ’ आणि ‘द’ कोठे घालावे, हे कोडे आपणांस पडते. अडचण दोहोंकडे सारखीच आहे, ह्यात लाज कसली?

म्हणून विद्यार्थिमित्रांस आमचे सांगणे असे की, मराठीचे व्याकरण कंटाळवाणे म्हणून टाकू नका. कर्ता, कर्म, विभक्ती व काळ हे ज्यास मराठीत ओळखता येतात, त्यास इंग्रजी कोठे वेगळी पडते हे चटकन दिसते. कित्येक पिढ्यांनी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला गिरविली, तिचा गुण हाच की तीत दोन्ही भाषा शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. रोज पाच मराठी वाक्ये इंग्रजीत करावी, दुसरे दिवशी मूळ न पाहता ती पुन्हा मराठीत आणावी, व जेथे साचा बदलला तेथे खूण करावी.

पालकांस एक विनंती आहे. मुलाने चुकीचे इंग्रजी बोलले असता पाहुण्यांदेखत हसू नका. त्याचे वाक्य पुरते होऊ द्या आणि तेच वाक्य शुद्ध करून सहज उच्चारा. मूल ते उचलते. हसण्याने चूक जात नाही, बोलणे मात्र थांबते. आणि जो बोलतच नाही त्याची चूक सुधारणार कोण? तसेच मुलास इंग्रजी यावे म्हणून घरची मराठी सोडून अर्धेकच्चे इंग्रजी बोलू नका. शिक्षणाचे उत्तम माध्यम मातृभाषा होय, असे युनेस्कोच्या तज्ज्ञांनी १९५३ सालीच प्रतिपादिले आहे. पाया घरी घातला गेला तर वरचे मजले शाळेत चढविता येतात. ज्याचा पायाच मोडला, त्याला ना धड मराठी येते ना धड इंग्रजी.

अभ्यासाकरिता पुढील पाच वाक्ये देतो. ती शुद्ध करून, प्रत्येक चुकीमागील मराठी वाक्यही शेजारी लिहावे व आपल्या शिक्षकांस दाखवावे.

१. ‘आय हॅव सीन हिम लास्ट वीक.’

२. ‘शी इज नोइंग मराठी सिन्स टू इयर्स.’

३. ‘व्हाय यू डिड नॉट केम?’

४. ‘माय फादर इज इंजिनिअर.’

५. ‘टीचर आस्क्ड टु मी व्हेअर इज माय बुक.’