भीमथडीचे तट्टू

दिवाळी उलटली आणि शेतांतील खरीप निघाला, की आमच्या देवळाली प्रवरा गावावरून धनगरांचे कळप जाऊ लागतात. पुढे मेंढरांचा धुरळा, दोन्ही बाजूंस राखणीची कुत्री, आणि सर्वांच्या मागे, पाठीवर सारे बिऱ्हाड घेतलेले एक ठेंगणे घोडे. मेंढरे कोंडण्याची वाघर त्याच्या पाठीवर असते. भांडी असतात, पीठमीठ असते, नुकतीच जन्मलेली एकदोन कोकरे असतात. कित्येकदा ह्या सर्वांवर एखादे लहान मूलही पेंगत बसलेले दिसते. रस्त्याने जाणारी शाळकरी मुले सायकली थांबवतात आणि हसून म्हणतात, "हे कसले घोडे? हे तर तट्टू!"

मुलांनो, हसणाऱ्यांत एके काळी मीही होतो. म्हणूनच ह्या तट्टाची हकीकत तुम्हांस सांगणे मी माझे कर्तव्य समजतो.

आपली भाषादेखील तट्टावर फारशी प्रसन्न नाही. हट्टाने एका जागी अडून बसणाऱ्यास आपण अडेलतट्टू म्हणतो. पैशासाठी कोणाचीही बाजू घेणारा तो भाड्याचा तट्टू. निरुपयोगी गोष्टींचा भरणा झाला, की ती खोगीरभरती. अबलख घोडा कवनांत आणि चित्रांत शोभला. तट्टाच्या वाट्याला मात्र वाक्प्रचारांतील उपहास आला. परंतु ज्याला आपण हसतो त्याची वंशावळ जरा पाहू या.

थडी म्हणजे नदीचा काठ. भीमा नदीच्या काठचा मुलूख तो भीमथडी. हीच भीमा आपल्या जिल्ह्याची दक्षिण सीमा होऊन वाहते. ह्या कोरड्या, खडकाळ मुलखात जे बुटके, काटक घोडे तयार झाले त्यांना भीमथडीची तट्टे असे नाव पडले. इथल्या मूळच्या लहान घोड्यांत अरबी आणि तुर्की घोड्यांचे रक्त मिसळून ही जात घडली, असे मानले जाते. अरबी घोडे समुद्रमार्गे चौलसारख्या बंदरांत उतरत. ते देखणे, वेगवान आणि फार महाग असत. त्यांना चांगला दाणा लागे, निगा लागे. तट्टाचे तसे नव्हते. माळावरचे वाळके गवत आणि मूठभर दाणा मिळाला, की ते दुसऱ्या दिवशीच्या मजलीस तयार. त्याचे खूर कठीण, पाय आखूड आणि पाऊल नेमके. घाटातील जी निसरडी वाट उंच घोडा नाकारतो, ती तट्टू शांतपणे उतरून जाते.

आता आपल्या जिल्ह्याच्या मुख्य शहराचा इतिहास आठवा. 1490 साली अहमद निजामशहाने बहमनी फौजेचा पराभव केला आणि त्याच परिसरात, सीना नदीच्या काठी, पुढे अहमदनगर शहर वसवले. 1600 साली येथील भुईकोट किल्ला मोगलांच्या हाती पडला. राजधानी गेली, खजिना गेला. निजामशाही बुडाली असेच सर्वांना वाटले. परंतु गुलाम म्हणून हबसाणातून आलेला मलिक अंबर नावाचा एक कर्तबगार पुरुष उभा राहिला. त्याच्याजवळ मोगलांइतक्या तोफा नव्हत्या, तितके धनही नव्हते. त्याने हलक्या घोडदळावर भर दिला आणि त्यात मराठे स्वार मोठ्या संख्येने घेतले. समोरासमोर उभे राहून लढायचे नाही. रसद तोडायची, रात्री छापा घालायचा आणि शत्रू सावध होईतो दूर निघून जायचे, अशी ही युद्धाची रीत होती.

1624 साली मोगल आणि आदिलशाही अशा दोन सत्तांच्या फौजा एकत्र होऊन त्याच्यावर चालून आल्या. अहमदनगरजवळच्या भातवडी गावी गाठ पडली. मलिक अंबराने तेथील तलावाचे पाणी शत्रूच्या वाटेवर सोडून दिले. जमीन चिखलाने भरली. जड सरंजामाची ती फौज चिखलात अडकली. तिची रसद तुटली, आणि हलक्या घोडदळाच्या छाप्यांनी तिचा धीर सुटला. शहाजीराजे भोसले आणि त्यांचे बंधू शरीफजी ह्या युद्धात मलिक अंबराच्या बाजूने लढले. शरीफजी तेथेच धारातीर्थी पडले. भातवडीचे पाणी हे अशक्तांच्या युक्तीचे पाणी होते.

पुढे स्वराज्याच्या काळात ही रीत सह्याद्रीच्या कुशीत वाढली. औरंगजेब दक्षिण जिंकण्याच्या इराद्याने 1681 साली उत्तर सोडून निघाला. पंचवीस वर्षे त्याची अफाट छावणी चपळ मराठा स्वारांच्या मागे फिरत राहिली. अखेर 3 मार्च 1707 रोजी त्याला मृत्यू आला तो अहमदनगरजवळ, भिंगारच्या छावणीत. दिल्लीचे तोंड त्याला पुन्हा दिसले नाही.

1728 सालची गोष्ट तर आपल्या जिल्ह्याच्या सीमेवरचीच आहे. निजामाजवळ उत्तम तोफखाना होता. थोरल्या बाजीरावांजवळ होते ते घोडदळ आणि वेग. बाजीरावांनी निजामाला इतके पळवले, की गोदावरी ओलांडताना त्याला जड तोफा मागे ठेवाव्या लागल्या. तोफा सुटताच पालखेडजवळ मराठ्यांनी त्याला घेरले आणि त्याचे पाणी तोडले. निजाम तहास तयार झाला. तो तह झाला मुंगी-शेवगाव येथे. शेवगाव हा आजही आपल्या जिल्ह्यातील एक तालुका आहे. त्यानंतर तीस वर्षांनी, 1758 साली, मराठा घोडदळ सिंधूकाठच्या अटकेपर्यंत जाऊन पोहोचले. भीमेचे पाणी प्यालेल्या तट्टांनी सिंधूचे पाणी चाखले.

हे सारे विजय तट्टाचेच होते काय? नाही. विजय हा सेनापतीच्या बुद्धीचा, स्वाराच्या हिमतीचा आणि शेतकऱ्याच्या धान्याचाही असतो. शिवाय तट्टाच्याही सहनशक्तीला सीमा आहे. 1761 साली पानिपतावर मराठ्यांची फौज एका जागी कोंडली गेली; दाणागोटा संपला आणि माणसांबरोबर जनावरेही उपाशी राहिली. मोकळ्या माळावर ज्याला कोणी गाठू शकत नव्हते, ते घोडदळ तेथे खंदकाआड उपासाने खंगले. गुण असून चालत नाही; त्या गुणाला वाव मिळेल असे मैदानही लागते.

1818 साली पेशवाई बुडाली. शिलेदारांचे घोडे दाराशी उभे राहिले; त्यांना काम उरले नाही. 1878 साली दौंड-मनमाड लोहमार्ग आपल्या जिल्ह्यातून सुरू झाला आणि ओझ्याची लांबची वाहतूकही हळूहळू आगगाडीकडे गेली. पुढे मोटारी आल्या. अहमदनगर, ज्याला 2024 साली अहिल्यानगर हे नाव मिळाले, तेथे आज सैन्याच्या चिलखती दलाचे मोठे केंद्र आहे. तेथील रणगाड्यांचे संग्रहालय 1994 साली उघडले. त्याच्या नावात 'कॅव्हलरी' म्हणजे घोडदळ हा शब्द अजून टिकून आहे, परंतु आत उभे आहेत ते लोखंडी घोडे. मग हाडामांसाचे तट्टू गेले कोठे?

ते धनगरांच्या वाड्यावर गेले. ज्यांनी त्याला कधी सोडले नाही, त्यांच्याकडेच ते राहिले. ज्या समाजातून मल्हारराव होळकरांसारखा घोडदळाचा सेनानी निघाला आणि आपल्या चौंडी गावी 1725 साली अहिल्याबाई जन्मल्या, त्याच समाजाच्या भटक्या बिऱ्हाडांनी हे घोडे सांभाळले. अलीकडे करनाल येथील राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्युरो ह्या संस्थेने भीमथडी ही घोड्यांची स्वतंत्र देशी जात म्हणून नोंदवली आहे. मारवाडी आणि काठेवाडी ह्या नामांकित घोड्यांच्या पंक्तीत आपल्या तट्टाला पाट मिळाला, तो असा.

शर्यतीच्या घोड्यांविषयी तुम्ही ऐकले असेल. मुंबईच्या महालक्ष्मी मैदानावर 1883 पासून शर्यती होत आल्या आहेत. तेथील निकाल अवघ्या काही मिनिटांत लागतो. तेथे तट्टू पळवले, तर ते खात्रीने शेवटचे येईल. परंतु हरणाऱ्या घोड्यालाही लोक कधीकधी जीव लावतात. जपानमधील कोची शहरात हारू उरारा नावाची एक लहानखुरी घोडी होती. ती 113 शर्यती धावली आणि एकही जिंकली नाही. तरी प्रत्येक वेळी ती जिवाच्या आकांताने धावे. शहराचे मैदान तोट्यात जाऊन बंद पडण्याच्या बेतात होते. 2003 सालाच्या सुमारास ह्या घोडीची कीर्ती देशभर पसरली आणि तिला पाहण्यासाठी माणसांची रीघ लागली. 22 मार्च 2004 रोजी देशातील सर्वांत नामवंत स्वार तिच्या पाठीवर बसला; तरीही अकरा घोड्यांत ती दहावी आली. मैदान मात्र वाचले. 2025 साली ती वारली, तेव्हा जिंकलेल्या कित्येक घोड्यांपेक्षा तिची आठवण अधिक जणांनी काढली.

पण आमच्या तट्टाची गोष्ट ह्याहून थोडी निराळी आहे. ते हरलेले नाही. त्याला चुकीच्या मापाने मोजले गेले, इतकेच. हे मला कोणी शिकवले, ते आता सांगतो.

सुमारे चाळीस वर्षांपूर्वी मी नुकताच शिक्षक झालो होतो. माझ्या वर्गात धनगराचा एक मुलगा होता. आईवडील मेंढरांमागे गेले, की तोही काही महिने शाळेत नसे. एके दिवशी मी त्याला फळ्याजवळ बोलावून उदाहरण सोडवण्यास सांगितले. हाती खडू घेऊन तो नुसता उभा राहिला. मी दोनदा सांगितले, तिसऱ्यांदा आवाज चढवला. तो हलेना. माझा संयम सुटला आणि मी म्हणालो, "अडेलतट्टू आहेस नुसता!"

वर्ग खदखदून हसला. मुलाने मान वर केली आणि तो हळूच म्हणाला, "गुरुजी, तट्टू अडतं तवा म्होरं कायतरी असतं."

वर्ग एकदम शांत झाला. मला काय बोलावे ते सुचेना. शाळा सुटल्यावर मी त्याला थांबवून घेतले आणि त्या बोलण्याचा अर्थ विचारला. त्याने सांगितलेली हकीकत अशी होती. आदल्या वर्षी मृगाच्या पावसात त्यांचा वाडा घराकडे परतत होता. तिन्हीसांजेला प्रवरेच्या उतारावर आले, तो पाणी घोट्याएवढेच दिसले. तट्टावर बिऱ्हाड होते आणि बिऱ्हाडावर त्याची धाकटी बहीण बसली होती. काठाशी येताच तट्टू अडले. वडिलांनी दोर ओढला, फोक मारले. ते पाऊल उचलीना. त्याने फक्त कान टवकारले होते आणि नाकपुड्या फुगवल्या होत्या. थोडाच वेळ गेला असेल, इतक्यात वरच्या अंगाने पाण्याचा लोंढा घोंघावत आला आणि उतार दिसेनासा झाला. "तवापासनं," तो म्हणाला, "बा त्याला फोक मारत न्हाई."

मी त्याला विचारले, "मग तू फळ्याशी का अडलास?"

"भागाकार शिकवला तवा मी हितं नव्हतो, गुरुजी. चुकीचं लिवण्यापरीस उभं ऱ्हायलेलं बरं."

त्या सायंकाळी मी त्याला भागाकार शिकवला. दुसऱ्या सायंकाळीही तो थांबला. माघ उजाडेपर्यंत आमचा हा क्रम चालला. नंतर त्याचे आईवडील त्याला घेऊन गेले आणि तो पुन्हा माझ्या वर्गात आला नाही. मी त्याला जे शिकवले, ते कोणत्याही पुस्तकात होते. त्याने मला जे शिकवले, ते मला कोणत्याही पुस्तकात मिळाले नव्हते. पुढील सारी नोकरी मी कोणत्याही मुलाला त्या शब्दाने हाक मारली नाही. मूल अडले, की मी आधी त्याच्या पुढे काय आहे ते पाहू लागलो.

परवा सायंकाळी कालव्याच्या अरुंद वाटेवर पुन्हा एक तट्टू समोरून आले. पाठीवर वाघर, कोकरे आणि झोपलेले मूल. मी सायकलवरून उतरलो आणि कडेला उभा राहून त्याला वाट दिली. मागून येणारे धनगरबाबा संकोचून म्हणाले, "ऱ्हाऊ द्या गुरुजी, ते जाईल कडंनं."

मी म्हणालो, "जाऊ द्या बाबा त्यालाच आधी. ते फार लांबून आले आहे."

स्वाध्याय

1. तट्टू आणि अरबी घोडा ह्यांतील फरक पाठाच्या आधारे सांगा.
2. भातवडी आणि पालखेड येथील प्रसंगांत पाण्याचा उपयोग कसकसा झाला?
3. "तट्टू अडतं तवा म्होरं कायतरी असतं." हे वाक्य कोणी, कोणास व केव्हा म्हटले? त्याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.
4. अडेलतट्टू, भाड्याचा तट्टू, खोगीरभरती ह्यांचा वाक्यांत उपयोग करा.
5. तुमच्या गावी येणाऱ्या धनगरांस भेटून त्यांच्या घोड्यांविषयी माहिती मिळवा व दहा ओळी लिहा.