कपडे नकोत, खराटे पाठव



आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १७, श्लोक २० ते २२
विषय : दानाचे तीन प्रकार

आधी श्लोकांचा अर्थ आपल्या भाषेत पाहू. विसाव्या श्लोकात सात्त्विक दान आहे. देणं हे कर्तव्य आहे म्हणून द्यायचं, ज्याच्याकडून परतफेड होणार नाही त्याला द्यायचं, आणि देश, काल, पात्र पाहून द्यायचं. एकविसाव्यात राजस दान. परत काहीतरी मिळेल म्हणून दिलेलं, किंवा जिवावर येऊन दिलेलं. बाविसाव्यात तामस. चुकीच्या जागी, चुकीच्या वेळी, अपात्राला दिलेलं. आणि मान न ठेवता, तुच्छतेने दिलेलं.

खरं सांगतो, बाविसावा श्लोक मी वर्षानुवर्षं 'हा आपल्यासाठी नाही' म्हणून पुढे ढकलला होता. तामस दान म्हणजे कुणाला दारूला पैसे देणं वगैरे, असं डोक्यात होतं. तो माझ्यासाठीच आहे हे ऑगस्ट २०१९ मध्ये कळलं.

त्या महिन्यात कोल्हापूर-सांगलीत काय झालं ते तुम्हाला आठवत असेल. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. तिथे पाणी ५७ फुटांच्या वर. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला आणि कित्येक दिवस बंद राहिला. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि सुटकेच्या वाटेवर असलेली माणसंच बुडाली.

इकडे मोशीत आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आवाहन फिरलं. आपला भाग म्हणजे देहू आणि आळंदीच्या मधला, इंद्रायणीकाठचा. चाकण-भोसरीच्या कंपन्यांत कामाला आलेली माणसं सगळ्या महाराष्ट्रातली. दर मजल्यावर कुणाचं तरी गाव पुराच्या पट्ट्यात होतं. दोन दिवसांत क्लबहाऊस भरलं. मी एक्सेल शीट केली : फ्लॅट नंबर, वस्तू, पिशव्या. त्रेचाळीस पिशव्या, त्यातल्या छत्तीस कपड्यांच्या. शीटचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकला आणि आलेले अंगठे मोजले. हा झाला एकविसावा श्लोक.

बाविसावा माझ्या स्वतःच्या पिशवीत होता. कंपनीचे जुने टी-शर्ट, गुडघ्यावर विरलेली जीन्स, चेन तुटलेलं जर्किन. बायको म्हणाली, "अरे, हे आपण कामवाल्या मावशींना तरी दिलं असतं का?" मी म्हटलं, "तिथे काहीच नाहीये गं लोकांकडे, काहीही चालेल."

'काहीही चालेल.' हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

देश

माझा एक ऑफिसमधला मित्र शिरोळ तालुक्यातला, नृसिंहवाडीच्या जवळचा. वाडीला तुम्ही गेला असाल. कृष्णा-पंचगंगेचा संगम. नदीचं पाणी दत्तमंदिरात शिरून पादुकांवरून वाहतं आणि दक्षिण दाराने बाहेर पडतं, तेव्हा दक्षिणद्वार सोहळा होतो, लोक त्यात स्नान करतात. म्हणजे तिथल्या माणसाला पाणी नवीन नाही. पण त्या वर्षी पाणी सोहळ्यावर थांबलं नाही, घरांत घुसलं. मित्राचे आई-बाबा छावणीत होते.

टेम्पो निघायच्या आदल्या दिवशी मी त्याला सहज फोन केला. "अजून काय पाठवू रे?"

तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "भावा, कापडं नकोत आता. शाळेच्या पटांगणात ढीग पडलाय, पावसात भिजतोय. पाणी उतरलंय, घरात गुडघाभर गाळ आहे. खराटे पाठव, फावडी, घमेली, फिनेल. आणि जमलं तर माणसं पाठव."

आपण कामात काय करतो? रिक्वायरमेंट न विचारता कोड लिहीत नाही. लिहिला तर तो कितीही चांगला असो, क्लायंटच्या उपयोगाचा नसतो. आणि इथे मी एकालाही न विचारता त्रेचाळीस पिशव्या भरल्या होत्या. देश पाहणं म्हणजे तिथली जमीन आज कशी आहे हे विचारणं. त्या दिवशी तिथे गाळ होता.

काल

कपड्यांच्या ढिगाची गोष्ट नवी नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. अनंत चतुर्दशीची रात्र, विसर्जन करून लोक नुकते झोपले होते. त्यानंतर देशभरातून मदतीचा लोंढा आला आणि जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले.

पण त्याच भूकंपात काल ओळखलेली माणसंही होती. भारतीय जैन संघटनेच्या शांतीलाल मुथ्था यांनी लातूर-उस्मानाबादमधली सुमारे १,२०० मुलं शिक्षणासाठी पुण्याकडे आणली. आपल्या जवळच्या वाघोलीला त्यांच्यासाठी काम उभं राहिलं. मुलगा पाचवीत असेल तर दहावीपर्यंत पाच वर्षं. टीव्हीवरून बातमी गेली तरी त्याचं रोजचं ताट, वह्या, आजारपण चालूच असतं.

पुराचंही तसंच आहे. पाणी असताना बोट, अन्न, औषध. पाणी उतरल्यावर खराटा आणि पिण्याचं पाणी. महिन्याने मुलांची पुस्तकं, भिजलेल्या कागदपत्रांची कामं. तीन महिन्यांनी शेतात सडलेला ऊस आणि डोक्यावरचं कर्ज. आपण सगळे पहिल्या आठवड्यात धावतो. चौथ्या महिन्यात फोन कोण करतो?

पात्र

१७ तारखेच्या शनिवारी रात्री आम्ही सातजण निघालो. टेम्पोत खराटे, फावडी, फिनेलचे कॅन. रविवारी उजाडताना गावात पोचलो. वास कधी विसरणार नाही. भिजलेलं धान्य आणि गाळ. भिंतीवर माझ्या डोक्याच्या वर पाण्याची रेघ.

मित्राची आई दारात उभी होती. मी घाईघाईने फावडं उचललं, तर म्हणाली, "ठेवा ते खाली. आधी च्या घ्या." शेजारणीच्या घरून दूध आणलेलं, कारण हिची म्हैस दावं कापून सोडली होती ती परत आली नव्हती. चार कप होते. आम्ही पाळीपाळीने प्यालो. ती मात्र प्यायली नाही.

चहा पिताना लक्ष गेलं. उंबऱ्याशी एक कापड पाय पुसायला टाकलेलं होतं. कुठल्या तरी मदतीच्या पिशवीतला ब्लाउज, काखेत फाटलेला, हुकं नसलेला. कुठल्या शहरातून आला कोण जाणे. तो कसा आला असं मी विचारलं नाही, तीही काही बोलली नाही. मला माझी जीन्स दिसत होती.

पात्र म्हणजे घेणाऱ्याची लायकी तपासणं असं मी समजत होतो. पण बाविसाव्या श्लोकात अपात्राच्या लगेच पुढे देणाऱ्याच्या वागण्याबद्दल दोन गोष्टी आहेत : मान न ठेवणं आणि तुच्छ लेखणं. घरी आलेल्या पाहुण्याला आपण विरलेली चादर देत नाही. ज्याचं घर वाहून गेलं त्याला मात्र 'काहीही चालेल'. त्या बाईने स्वतःच्या पडक्या घरात आम्हाला पाहुणा मानलं. मी मोशीत बसून तिला पाहुणी मानलं नव्हतं.

त्या दिवसांत महामार्गावर अडकलेल्या ट्रकवाल्यांनाही आसपासच्या लोकांनी जेवण पोचवलं होतं. पूर आलेला मुलूख नुसता घेणारा नव्हता, देतही होता. लोक पुन्हा उभे कसे राहतात, याचं थोडं उत्तर मला इथे मिळालं. देता येणं शिल्लक असेल तर माणूस मोडत नाही.

मंगळवेढ्याचे दामाजीपंत आठवा. दुष्काळात त्यांनी बादशहाची कोठारं उघडली. भूक होती तिथे, भूक होती तेव्हा, धान्यच दिलं. त्याची किंमत भरायला विठ्ठल विठू महार होऊन बिदरला गेला, असं परंपरा सांगते. म्हणजे देवही आला तो हिशेब चुकता करायला, आणि आला तो समाजाने पायरीखाली ठेवलेल्या माणसाच्या रूपात. मग घेणाऱ्याला आपण कमी कसं लेखणार?

जुलै २०२१ ला पुन्हा पूर आला. कोरोनामुळे आम्ही जाऊ शकलो नाही. या वेळी आधी फोन केला. मित्र म्हणाला, "गाळ धुवायला प्रेशरचा पंप मिळतोय का बघ." वर्गणी काढून एक पंप पाठवला. तो एका घरात थांबला नाही, गल्लीभर फिरला. शीट केली होती, पण त्यात फ्लॅट नंबरचा रकाना ठेवला नाही.

आजचा अभ्यास

१. पुढच्या वेळी मदत गोळा करायच्या आधी तिथल्या एका माणसाला फोन करा आणि फक्त विचारा, "आज काय हवंय?"
२. पिशवीत टाकायची वस्तू हातात धरून स्वतःला विचारा : ही मी पाहुण्याला देईन का?
३. फोनच्या कॅलेंडरमध्ये तीन महिन्यांनंतरची तारीख टाका. त्या दिवशी पुन्हा फोन.

उद्या याच अध्यायाचा श्लोक २३ पाहू.

राम कृष्ण हरी.