वनहक्काचा दावा आणि गावपातळीवरील कार्यकर्ता

चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील पुष्कळ गावांत शेती आणि जंगल यांची फारकत करता येत नाही. पावसाळ्यात धान, उन्हाळ्यात मोहफूल व तेंदूपत्ता आणि वर्षभर सरपण, चराई व बांबू, असा तेथील कुटुंबाच्या उपजीविकेचा क्रम असतो. परंतु पिढ्यान्‌पिढ्या कसलेली धानाची बांधी सरकारी दप्तरात वनजमीन म्हणून नोंदलेली असली, तर कसणारा कायद्याच्या दृष्टीने अतिक्रमक ठरतो. हा जुना अन्याय दूर करण्यासाठी २००६ साली वनहक्क मान्यतेचा अधिनियम झाला. त्याचे नियम २००८ पासून अमलात आले व २०१२ मध्ये त्यांत महत्त्वाची सुधारणा झाली.

हे हक्क मुख्यतः दोन प्रकारचे आहेत. पहिला वैयक्तिक हक्क. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून प्रत्यक्ष कब्जात असलेली जमीन, जास्तीत जास्त ४ हेक्टरपर्यंत, या हक्काखाली मिळते. अनुसूचित जमातींखेरीज इतरांना त्या तारखेपूर्वी तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, रहिवास दाखवावा लागतो. विवाहितांच्या बाबतीत हक्कपत्र पतिपत्नी दोघांच्या नावे होते. ही जमीन वारसांस मिळते. विकता मात्र येत नाही. दुसरा सामूहिक हक्क. त्यात निस्तार, गौण वनोपज आणि गावाने परंपरेने राखलेल्या जंगलाचे संरक्षण व व्यवस्थापन यांचा समावेश होतो.

दाव्याचा आरंभ ग्रामसभेत होतो, कचेरीत नव्हे. ग्रामसभेने १० ते १५ सभासदांची वनहक्क समिती निवडावयाची असते. तीत किमान दोन तृतीयांश सभासद अनुसूचित जमातींचे व किमान एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात. दाव्यांच्या सभेस ग्रामसभेचे निम्मे सभासद हजर असणे आवश्यक आहे. म्हणून धानाची रोवणी किंवा तेंदूपत्त्याची तोडणी चालू असताना सभा ठेवू नये. जेथे माणसे गोंडी किंवा माडिया बोलतात, तेथे नियमांचा अर्थ त्यांच्या भाषेत सांगणारा मनुष्य सोबत घ्यावा.

पुराव्याच्या कामात कार्यकर्त्याची खरी कसोटी लागते. किमान दोन पुरावे हवेत. पण ते कागदाचेच असले पाहिजेत असे नाही. शिधापत्रिका, घरपट्टीची पावती व मतदार ओळखपत्र यांप्रमाणेच शेताचे बांध, विहीर, जुने घर, स्मशानभूमी आणि देवस्थान हेही पुरावेच होत. दावेदाराखेरीज गावातील अन्य वृद्धाचे कथन लिहून घेतल्यास तेही ग्राह्य धरले जाते. सामूहिक दाव्यासाठी जुने निस्तारपत्रक विशेष उपयोगी पडते. अमुकच कागद आणा, असा आग्रह वरिष्ठ समितीस धरता येत नाही. उपग्रहाचे चित्र पुराव्यास पूरक आहे, त्याची जागा घेणारे नव्हे.

स्थळपाहणीपूर्वी वनविभागास सूचना द्यावी. सीमा ठरविताना शेजारच्या गावांतील जाणत्या माणसांस बोलवावे, म्हणजे पुढील तंटा टळतो. नाला, टेकडी, बोडी, मोठे झाड अशा ओळखीच्या खुणा नकाशावर लिहाव्यात. पाहणी पुरी झाल्यावर दावा सभेत वाचून दाखवावा.

दावा फेटाळला गेल्यास कारण लेखी कळविणे बंधनकारक आहे. त्यानंतर ६० दिवसांच्या आत वरच्या समितीकडे दाद मागता येते. पुष्कळ कुटुंबे निर्णयाचा कागद वाचता न आल्यामुळे ही मुदत गमावण्याचा धोका असतो. म्हणून प्रत्येक दाव्याची पोच व निर्णयाची तारीख यांची वही गावातच ठेवावी. पडताळणी पुरी होईपर्यंत कोणासही जमिनीवरून काढता येत नाही, हेही लोकांस आवर्जून सांगावे.

हक्कपत्र हाती आले म्हणजे काम संपले, असे समजू नये. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावास २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला; परंतु बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती २०११ च्या एप्रिलमध्येच आला. मधल्या काळात हक्क कागदावर होता, उत्पन्न नव्हते. गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावने २०१२ मध्ये हक्क मिळाल्यानंतर तेंदूपत्ता न तोडण्याचे ठरविले, कारण त्यासाठी झाडे छाटली जातात व जंगलास आग लावली जाते. बांबूच्या विक्रीतून तेथे रोजगार उभा राहिला. एका गावाने चिकाटी दाखविली, दुसऱ्याने संयम. दोन्ही निर्णय ग्रामसभेचे होते.

यावरून कार्यकर्त्याने आपल्या कामाची मर्यादा ओळखावी. दावा त्याने करावयाचा नसून गावाला करता येईल असे करावयाचे आहे. तो बदलून गेल्यावरही समितीस आपली वही, आपला नकाशा व आपला ठराव स्वतः सांभाळता आला, तर त्याचे शिक्षण सफल झाले असे समजावे.