फळीवर पाय नेमका पडेना

प्रश्न : मुलगी शालेय स्पर्धांत लांब उडी मारते. फळी जवळ आली की पावलं आखडते, नाहीतर फाउल होतो. काय करावं?

उत्तर : दोष बहुधा फळीपाशी नसतो, धावेच्या सुरुवातीला असतो. पहिली पावलंच रोज वेगळी पडली, तर शेवट जुळणार कसा? फळीपासून उलट दिशेनं वेगात पळवा. ठरलेल्या पावलांनंतर पाय पडेल तिथे खूण करा, सुरुवात तिथूनच. वारा बदलला की खूण थोडी सरकवा. नजर फळीवर नको, समोर हवी. मोजणी फळीच्या पुढच्या कडेपासून होते, हे खरं. तरी वेग मारण्यापेक्षा मागचे चार सेंटिमीटर सोडलेले परवडले. आणि फाउलची लाज कसली? माइक पॉवेलनं १९९१ मध्ये टोकियोत ८.९५ मीटरचा विश्वविक्रम केला, त्याच अंतिम फेरीत त्याच्या दोन उड्या फाउल होत्या.