पूरकाळातील होडी : प्लास्टिकच्या तोट्यांची तपासणी व बदल

सावित्री नदी महाबळेश्वराच्या डोंगरात उगम पावून पोलादपूरवरून महाडकडे येते व पुढे बाणकोटच्या खाडीने समुद्रास मिळते. पोलादपूर भागात तिला डोंगराचा उतार असल्यामुळे पाणी वेगाने खाली येते. महाडपर्यंत समुद्राची भरती चढते. घाटमाथ्यावरील मुसळधार पाऊस व भरतीची वेळ ह्यांची गाठ पडली, म्हणजे पाण्याचा निचरा अडतो आणि वस्तीत पाणी शिरते. 2005 व 2021 ह्या दोन्ही वर्षांच्या जुलै महिन्यात ह्या भागाने महापूर अनुभवले. 22 जुलै 2021 रोजी महाड शहर पाण्याखाली गेले, तेव्हा रस्ते बंद झाल्याने बाहेरून येणाऱ्या मदतीस विलंब लागला. अशा वेळी गावात असलेली होडी हेच पहिले साधन ठरते.

पूर्वीची होडी लाकडी असे. उन्हाने फळ्या आकसल्या, की फटी डोळ्यांस दिसत आणि पावसाळ्यापूर्वी त्या बुजविण्याची रीत होती. आज बहुतेक ठिकाणी फायबरची होडी असते. ती कुजत नाही, तिला कीड लागत नाही. त्यामुळे तिला पाहण्याची गरज नाही, असा समज रूढ होतो. हा समज घातक आहे. होडीचे अंग टिकाऊ असले, तरी त्या अंगाला भोके पाडून बसविलेल्या प्लास्टिकच्या तोट्या तितक्या टिकाऊ नसतात.

तोटी कोठे असते?

साचलेले पाणी काढण्यासाठी तळाशी किंवा पिछाडीच्या फळीत एक भोक असते व त्यात बूच बसते. पाणी उपसणाऱ्या पंपाचा पाईप बाजूने बाहेर काढलेला असतो. काही होड्यांत वरच्या फळीवरील पावसाचे पाणी वाहून जाण्यासाठीही वाटा ठेवतात. अशा प्रत्येक ठिकाणी भोकातून आरपार गेलेली प्लास्टिकची तोटी असते. तिची कॉलर बाहेरच्या अंगाला टेकते, मान भोकातून आत येते व आतल्या बाजूस आट्यांवर नट आवळलेला असतो. तोटी मोडली, म्हणजे होडीला तेवढे भोक पडले, असेच समजावे.

पडून राहिलेली होडीही म्हातारी होते

अंगणात राहिलेली प्लास्टिकची बादली दोन-तीन उन्हाळ्यांत पांढुरकी होते व कडी धरून उचलताच तिचा काठ तुटून हातात येतो, हे आपण घरोघरी पाहतो. शेतात उघड्यावर टाकलेल्या पाईपचेही तसेच होते. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांमुळे प्लास्टिकच्या कणांची साखळी तुटते. पदार्थ ठिसूळ होतो, त्याला केसासारख्या बारीक चिरा पडतात. पहिली चीर बहुधा कॉलर व मान जेथे जुळतात तेथे पडते, कारण नट आवळल्याचा सारा ताण त्या जागी असतो.

पुरासाठी ठेवलेली होडी वर्षातून फार थोडे दिवस पाण्यात असते. उरलेला काळ ती उन्हात असते. म्हणून ती फारशी वापरलेली नाही, एवढ्यावरून तिच्या तोट्या चांगल्या आहेत, असे मानता येत नाही.

पाण्यावरची तोटी पाण्याखाली जाते

रिकामी होडी पाण्यात ठेवली असता बाजूची तोटी पाण्याच्या वर दिसते, आणि पाहणारा निश्चिंत होतो. परंतु होडी रिकामी नेण्यासाठी नसते. समजा, होडीचा पाण्याला टेकलेला पसारा सुमारे 6 चौरस मीटर आहे व तीत सरासरी 65 किलो वजनाची दहा माणसे बसली. त्या 650 किलो भाराने होडी सुमारे 11 सेंटिमीटर खाली बसेल. पाण्याच्या रेषेवर असलेली तोटी त्या क्षणी पाण्याखाली जाईल.

25 मिलिमीटर व्यासाचे भोक पाण्याखाली 10 सेंटिमीटर असेल, तर त्यातून मिनिटाला सुमारे 25 लिटर पाणी आत येते. दहा मिनिटांत 250 लिटर, म्हणजे जवळजवळ चार माणसांचे वजन होडीत वाढते. तेच भोक 30 सेंटिमीटर खाली असल्यास मिनिटाला 40 लिटरांहून अधिक पाणी येते. शिवाय आत आलेले पाणी एका जागी राहत नाही; होडी कलली की ते त्याच बाजूस धावते व ती उलटण्याचा धोका वाढवते. ह्या प्रसंगी होडीत लहान मुले, आजारी माणसे व वृद्ध असतात, हे ध्यानात ठेवावे.

तपासणी कशी करावी?

तपासणी मे महिन्यात, मृगाच्या पुरेशी अगोदर करावी, म्हणजे नवी तोटी आणण्यास व सीलंट वाळण्यास अवधी मिळतो.

1. होडी लाकडी ओंडक्यांवर पक्की टेकवून आतून-बाहेरून धुवावी व कोरडी करावी. होडीचे चित्र काढून प्रत्येक भोकाला क्रमांक द्यावा. अडगळीखाली लपलेली भोके सुटू देऊ नयेत.

2. प्रत्येक कॉलरवर काळे फडके घासावे. फडक्यावर पांढरी भुकटी आली, तर वरचा थर उन्हाने खाल्ला आहे असे समजावे. नंतर उजेड तिरपा पाडून कॉलरच्या मुळाशी बारीक चिरा आहेत काय, ते पाहावे.

3. आतल्या बाजूने नट, आटे व पाईप पाहावेत. पाईप कडक झाला आहे काय, उंदराने कुरतडला आहे काय, क्लिपा गंजल्या आहेत काय, हे तपासावे.

4. तोटी हाताने धरून चारी दिशांस बेताच्या जोराने हलवावी. हातोडी मारू नये. पण हात लावण्यास भिऊही नये. जी तोटी हाताने मोडते, ती जमिनीवर मोडलेली बरी.

5. शेवटी होडी संथ व उथळ पाण्यात घालून वाळूच्या पोत्यांनी भरावी. 50 किलोची तेरा पोती म्हणजे दहा माणसांचा भार होतो. बनविणाऱ्याने सांगितलेल्या क्षमतेहून अधिक भार घालू नये. तासभर थांबून प्रत्येक तोटीभोवती आतून ओल दिसते काय, ते पाहावे. ही चाचणी ओहोळाच्या किंवा नदीच्या प्रवाहात कधीही करू नये.

बदल केव्हा व कसा?

चीर दिसली, तोटी हलली किंवा ओल आली, तर ती बदलावी. भुकटी सुटणारी तोटीही ठेवू नये. तोटी किती वर्षांची आहे हे कोणासही सांगता येत नसेल, तर तीही बदलणेच योग्य. चिरेवर वरून सीलंट फासणे ही दुरुस्ती नव्हे. त्याने चीर झाकते, मिटत नाही.

नवी तोटी घेताना घरच्या नळकामाची तोटी घेऊ नये. होडीसाठीच बनविलेली, काचतंतूंनी बळकट केलेल्या नायलॉनची किंवा काशाची तोटी घ्यावी. साधे पितळ खाडीच्या खाऱ्या पाण्यात जस्त गमावून आतून पोकळ होते, ते टाळावे.

जुना नट सोडवून तोटी काढावी. न निघाल्यास कॉलर कापावी, भोकाची कड दुखवू नये. फायबर घासताना तोंडावर मुखपट्टी, डोळ्यांस चष्मा व अंगात लांब बाह्यांचा सदरा असावा, कारण त्याची धूळ फुप्फुसांस अपायकारक आहे. जुने सीलंट खरवडून काढावे. भोकाच्या कडेचे उघडे तंतू रेझिनने बंद करून वाळू द्यावेत. कड मऊ किंवा ओली लागल्यास काम थांबवून जाणत्या कारागिरास दाखवावे.

प्रथम तोटी कोरडीच बसवून पाहावी. मग कॉलरखाली व मानेभोवती पाण्याखाली चालणारे सीलंट लावावे. ते त्या प्लास्टिकला चालते की नाही, हे वेष्टनावर वाचून घ्यावे. नट हाताने घट्ट करून पान्याने अगदी थोडा फिरवावा. पुष्कळ तोट्या लावतानाच जास्त आवळल्याने निकामी होतात. पाईपला दोन स्टेनलेस स्टीलच्या क्लिपा लावाव्यात. सीलंट वाळण्यास सांगितलेला पूर्ण अवधी द्यावा व पुन्हा पोत्यांची चाचणी घ्यावी.

ज्या भोकाचा उपयोग नाही, ते फायबरने कायमचे बुजवावे. जितकी भोके कमी, तितकी काळजी कमी.

वर्षभराची निगा

होडी सावलीत, शक्य तर छपराखाली पालथी ठेवावी. उघडी ठेवावी लागल्यास ताडपत्री घालावी. बूच काढलेले असेल, तर ते दोरीने होडीलाच बांधावे. पुराच्या रात्री ते शोधत बसण्याची पाळी येऊ नये. प्रत्येक तोटीजवळ तिच्या मापाचे, मऊ लाकडाचे निमुळते बूच बांधून ठेवावे. तोटी मोडल्यास ते भोकात ठोकून काठ गाठता येतो. होडीत बादलीही असावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ग्रामपंचायतीत होडीची एक वही ठेवावी. तीत प्रत्येक तोटीचा क्रमांक, बसविल्याची तारीख, तपासणीची तारीख व तपासणाऱ्याचे नाव लिहावे. तपासणीच्या दिवशी पूरकाळात होडी चालविणाऱ्या माणसांना बोलवावे. प्रत्येक तोटी कोठे आहे व तिचे बूच कोठे बांधले आहे, हे त्यांना अंधारातही हाताने चाचपून सांगता आले पाहिजे.

एका तोटीची किंमत व अर्ध्या दिवसाचे श्रम, एवढाच हा खर्च आहे. तो मे महिन्यात केला नाही, तर जुलैमध्ये करता येत नाही.