फवारा पोटात, काळजी बाहेर : ऑपरेशन थिएटरमधल्या सुरक्षिततेचा एक पाठ



आपल्या नाशिक जिल्ह्यात ‘फवारणी’ हा शब्द मुलांना शिकवावा लागत नाही. द्राक्षबागेतलं मूल सांगतं, वाऱ्याकडे तोंड करून फवारायचं नाही, घरी आल्यावर आधी अंघोळ. चौथीच्या वर्गात हे चाललं असताना एका मुलीने विचारलं, “मॅडम, माझी आई दवाखान्यात साफसफाई करते. तिथेपण औषध फवारतात का?”

हो, काही ठिकाणी फवारतात. त्या उपचाराला ‘पायपॅक’ म्हणतात. पोटाच्या आतल्या आवरणावर कर्करोग पसरला असेल, तर दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेसारखी छोटी छिद्रे पाडून केमोथेरपीचे औषध धुक्यासारखे पोटात सोडतात. जर्मनीत मार्क रेमंड यांच्या गटाने २०११ मध्ये ते प्रथम रुग्णावर वापरले. आता भारतातही काही मोठ्या रुग्णालयांत हा उपचार होतो.

रुग्णासाठी औषध, पण रोज हाताळणाऱ्यांसाठी तेच विष. म्हणून ही शिस्त पाळतात :

१. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून दाब पाऱ्याच्या १२ मिलिमीटरवर ठेवतात. वायूचा प्रवाह शून्यावर स्थिर राहिला, म्हणजे गळती नाही. मगच फवारा.
२. फवारा सुरू होण्याआधी सगळे थिएटरबाहेर जातात. पंप बाहेरून चालवतात. रुग्णाची नाडी, श्वास पडद्यावर बघतात. साधारण ३० मिनिटे आत कोणी नसते.
३. उरलेले धुके फिल्टरमधून बाहेर काढतात. ते थिएटरच्या हवेत सोडत नाहीत.
४. दूषित हातमोजे, नळ्या ‘सायटोटॉक्सिक’ खूण असलेल्या पिवळ्या पिशवीत जातात. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार हा कचरा १२०० अंश सेल्सिअसहून जास्त तापमानात जाळावा लागतो.

आता खरी शिकण्याची गोष्ट. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत थिएटरच्या हवेत सिस्प्लॅटिन हे औषध आढळले नाही. पण पुढच्या तपासण्यांत वस्तूंच्या पृष्ठभागांवर त्यातल्या प्लॅटिनमचे अंश सापडले. म्हणजे हवा सांभाळली, तरी हात राहतातच! सिरिंज जोडताना, नळी काढताना, फरशी पुसताना. आणि हे शेवटचं काम डॉक्टर करत नाहीत, मावशी करतात. म्हणून दुहेरी हातमोजे, गाऊन आणि प्रशिक्षण त्यांनाही हवं. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या कर्मचाऱ्यांना हे काम देऊ नये.

वर्गात करून बघा : पारदर्शक पिशवीत रंगीत पाण्याची स्प्रे-बाटली ठेवा आणि पिशवीचे तोंड घट्ट बांधा. बाहेरूनच दाबून फवारा. बाहेर एक थेंब दिसणार नाही. मग पिशवी उघडून बाटली काढा, पिशवी आवरा आणि हात पांढऱ्या कागदावर टेका. रंग कुठे आला, हे मुलं स्वतःच सांगतील.

त्या मुलीने कागदावरचा डाग बघितला आणि म्हणाली, “आईला सांगते, हातमोजे मागून घे.”

पालकहो, तुमच्यापैकी कोणी दवाखान्यात काम करत असेल, तर कोणत्या खोलीत कोणते औषध वापरले जाते आणि सांडले तर काय करायचे, हे नक्की विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. तो तुमचा हक्क आहे.